पत्राचा माथा

ई-पत्र उघडले की डोळ्यांसमोर सहसा चारच गोष्टी येतात : कोणाकडून, कोणाला, केव्हा आणि कशाविषयी. ‘मूळ संदेश दाखवा’ अशा अर्थाच्या कळीवर चुकून बोट पडले, तर मात्र या चार ओळींच्या जागी अनोळखी मजकुराची रांगच्या रांग उभी राहते. संगणकांची नावे, आकड्यांचे पुंजके, प्रत्येक ओळीत वेगळीच वेळ, आणि ‘विषय’ म्हणून एक अगम्य अक्षरमाला. विद्यार्थी याला बेधडक ‘कचरा’ म्हणतात. पेण आणि रोहे येथे मराठी शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना या शब्दाचे नवल वाटत नाही, कारण मोडी कागद प्रथमच पाहणारा विद्यार्थीही पत्राच्या पहिल्या तीन-चार ओळींविषयी हेच म्हणतो. ‘सर, मजकूर कुठून सुरू होतो?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’ वगैरे ओलांडून ‘विशेष’ या शब्दापाशी पोहोचले की पत्र सुरू झाले, अशी त्याची समजूत असते.

ती समजूत दूर करणे हे या लेखाचे निमित्त. मराठी पत्रव्यवहाराच्या इतिहासात पत्राचा माथा हा मजकुराइतकाच, पुष्कळदा मजकुराहून अधिक, बोलका राहिलेला आहे. ई-पत्राच्या हेडरकडे त्या इतिहासातून पाहिले तर त्यातील विचित्र ओळी ओळखीच्या वाटू लागतात.

प्रथम जुन्या पत्राची ठेवण पाहू. सर्वांत वर ‘श्री’. त्याखाली ज्याला पत्र जायचे त्याची बिरुदे आणि नाव, शेवटी ‘गोसावी यांसी’. मग लिहिणाऱ्याचे नाते : ‘सेवक’, ‘स्नेहांकित’, ‘पोष्य’. मग अभिवादन : नमस्कार, दंडवत, रामराम, आशीर्वाद, यांपैकी जे नात्याला शोभेल ते. मग ‘विनंति उपरि येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहित जाणे. विशेष.’ यानंतर कामाची गोष्ट. सरकारी आज्ञापत्रांचा थाट आणखी वेगळा. शिवकालीन कागदांत ‘अज् रख्तखाने’ अशी फारसी सुरुवात येते आणि आज्ञा कोणाला, तर ‘कारकुनानी हाल व इस्तकबाल’, म्हणजे आज अधिकारावर असलेल्या व पुढे येणाऱ्या कारकुनांना. हा शब्दप्रयोग आम्हांला फार आवडतो. जो माणूस अजून नेमलेलाच नाही, कदाचित जन्मलेलाही नाही, त्याला पत्राच्या माथ्यावर ‘प्रति’ म्हणून जागा दिलेली आहे! इनामाला पुढे हरकत येऊ नये, ही व्यावहारिक दृष्टी त्यामागे आहे, हे खरेच.

बिरुदांकडे शोभेची झूल म्हणून पाहणाऱ्यांसाठी आमच्याच परिसरातले एक उदाहरण देतो. कान्होजी आंग्र्यांनंतर घरात भाऊबंदकी माजली आणि १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांनी आंग्र्यांच्या दौलतीची वाटणी केली. संभाजी आंग्रे विजयदुर्गाकडे राहिले व ‘सरखेल’ हा किताब त्यांच्याकडे राहिला. कुलाब्याला मानाजी आंग्रे आले, त्यांना ‘वजारतमाब’ हा किताब मिळाला. यानंतरच्या पत्रात नुसते ‘आंगरे’ असले तर वाचणारा चाचपडतो, पण ‘सरखेल’ की ‘वजारतमाब’ एवढे कळले की दक्षिणेकडचे की कुलाब्याचे, पेशव्यांचा मित्र की शत्रू, याचा उलगडा माथ्यावरच होतो. ई-पत्रातही दिसणारे नाव आणि खरा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी असतात. नाव कोणीही कोणतेही घालू शकतो. कंसातला पत्ता आणि त्यामागची ओळ पाहिल्यावाचून ‘आंगरे कोणते’ हे कळत नाही.

आता त्या चाळीस ओळींकडे वळू. त्यांतल्या बऱ्याच ओळी ‘रिसीव्ह्ड’ या शब्दाने सुरू होतात. ई-पत्र लिहिणाऱ्याच्या यंत्रावरून निघून सरळ वाचणाऱ्याच्या यंत्रावर उतरत नाही. वाटेत ते एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे सोपवले जाते, आणि ज्याच्या हाती ते पडते तो प्रत्येक जण आपली पोचेची ओळ आधीच्या ओळींच्या वर चिकटवतो. हा नियम १९८२ सालापासूनचा आहे. त्या वर्षी जॉन पोस्टेल यांनी पत्र वाहून नेण्याचे व डेव्हिड क्रॉकर यांनी पत्राच्या मांडणीचे नियम लिहून प्रसृत केले. परिणाम असा की ई-पत्राचा प्रवास खालून वर वाचावा लागतो. सर्वांत खालची पोच सर्वांत जुनी. पेणहून रोह्याला आलेल्या माणसाला हे समजावणे सोपे जाते. रोह्यापर्यंत गाडी मध्य रेल्वेच्या हद्दीत असते, तेथून पुढे कोकण रेल्वेची हद्द सुरू होते. प्रवाशाला डब्यात बसून काही जाणवत नाही, पण गाडी एका व्यवस्थेने दुसरीच्या हवाली केलेली असते आणि त्याची नोंद दोन्हीकडे होते. रिसीव्ह्डची प्रत्येक ओळ म्हणजे असे एक रोहे स्थानक.

पेशवाईतील दप्तरदारांना ही कल्पना नवी वाटली नसती. आलेल्या पत्रावर ‘पै॥ छ’ अशी खूण आणि पुढे तारीख लिहिलेली आढळते. ‘पै॥’ म्हणजे पैवस्ती, अर्थात पत्र येऊन पोहोचल्याची नोंद. ती पत्रलेखकाने नव्हे, पत्र घेणाऱ्याच्या कारकुनाने केलेली असते. लिहिल्याची तारीख मजकुराच्या शेवटी आणि पोहोचल्याची तारीख माथ्यावर वा पाठीवर, अशा दोन तारखा एका कागदावर मिळाल्या की इतिहासकाराला घबाड मिळते. पुण्याहून कोकणात बातमी पोहोचण्यास किती दिवस लागले, पावसाळ्यात घाट बंद असता किती लागले, एखाद्या सरदाराने ‘पत्र पावले नाही’ म्हणून जे कळवले ते खरे की बहाणा, हे सारे त्या दोन तारखांतील अंतरावरून ताडता येते. सनदापत्रांवर ‘सुरू सूद’, ‘बार’ असे शेरे असतात. कागद दप्तरात नोंदला गेल्याच्या त्या खुणा. मजकूर लिहिणाऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. ते कागदाचे, ज्या हातांतून तो गेला त्यांनी लिहिलेले चरित्र आहे.

जबाबी पत्राची रीतही अशीच मोलाची. ‘आपण छ अमुकचे पत्र पाठविले ते छ तमुकी पावले, लिहिले वृत्त कळले’ ही ठराविक सुरुवात कंटाळवाणी वाटते खरी. पण ज्या पत्राचा हा जबाब आहे ते मूळ पत्र वाळवीने खाल्ले असेल, तर ते कधीकाळी अस्तित्वात होते याचा एकमेव पुरावा म्हणजे हीच ओळ. ई-पत्रात प्रत्येक संदेशाला एक ‘मेसेज-आयडी’ मिळतो, जो दुसऱ्या कोणत्याही संदेशाला असू नये अशी अपेक्षा असते. आणि जबाबात ‘इन-रिप्लाय-टू’ या ओळीत मूळ संदेशाचा तो क्रमांक उतरवला जातो. दहा जणांच्या संभाषणातून चार पत्रे हरवली, तरी उरलेल्या सहांच्या माथ्यांवरून हरवलेल्यांची जागा नेमकी दाखवता येते.

सर्वांत घोटाळ्याचा भाग तारखेचा. अठराव्या शतकातील पत्रात ‘छ २० रजब, सु॥ सलास तिसैन मया व अलफ’ अशा स्वरूपाची तारीख भेटते. ‘छ’ म्हणजे चंद्र, अर्थात हिजरी महिन्यातील दिवस. ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन. तो अरबी अंकशब्दांत लिहितात आणि तोही एककापासून : सलास म्हणजे तीन, तिसैन म्हणजे नव्वद, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, मिळून ११९३. (खालून वर चढणाऱ्या हेडरची सवय येथेही उपयोगी पडते!) त्यात ५९९ मिळवले की मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचे इसवी वर्ष येते, आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखांसाठी ६०० मिळवावे लागतात. म्हणजे ११९३ हे १७९२-९३ चे वर्ष. गोम अशी की सुहूर वर्ष सौर आहे, ते मृग नक्षत्राला सुरू होते, आणि त्यात बसवलेले महिने मात्र चांद्र आहेत. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर ३६५ चे. तेव्हा एका सुहूर वर्षात अकराएक हिजरी तारखा दोनदा येतात, एकदा वर्षाच्या आरंभी आणि पुन्हा अखेरीस. अशी तारीख हाती आली की वार दिला असल्यास त्याचा आधार घ्यायचा, नसल्यास मजकुरात पेरणीचा उल्लेख आहे की लग्नसराईचा, हे शोधायचे. नवशिक्या नकलकाराने ‘सबा’ च्या जागी ‘सबैन’ लिहिले तर साताचे सत्तर होतात आणि नातू आजोबांच्या आधी कारभार पाहू लागतो.

ई-पत्राच्या तारखेची अडचण याच जातीची आहे. पेणमध्ये रात्री ९ वाजून १० मिनिटांनी पाठवलेल्या पत्रावर २१:१० आणि पुढे ‘+०५३०’ असे असते. तेच पत्र जानेवारीत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सर्व्हरने घेतले तर त्याच्या पोचेवर ०७:४० आणि ‘-०८००’ असे उमटते, आणि तारीख तीच. नुसत्या घड्याळाकडे पाहिले तर पत्र लिहिण्याआधी साडेतेरा तास पोहोचले! शेवटचे चार अंक हे या तारखेचे ‘छ’ आणि ‘सु॥’ आहेत. ते वजाबाकीत धरले की दोन्ही वेळा एकच ठरतात. ग्रंथालयातील संदर्भासाठी कोणी ई-पत्राची तारीख उतरवून देताना हे चार अंक गाळतो, तेव्हा तो पैवस्तीची तारीख छाटणाऱ्या नकलकाराचा वारस ठरतो.

तारखेची आतून उलटतपासणी कशी करतात, याचा धडा आमच्या जिल्ह्याला मराठीच्या अगदी आरंभीच मिळालेला आहे. अलिबागजवळच्या आक्षीच्या शिलालेखाचा माथा पाहावा. जगाला सुख चिंतणारी मंगल सुरुवात, मग पश्चिम समुद्राचा अधिपती आणि कोकणचा चक्रवर्ती म्हणून केसिदेवरायाची बिरुदे, मग महाप्रधानाचे नाव, मग शक, संवत्सर आणि वार. दान काय दिले ते नंतर. म्हणजे पत्राच्या मायन्याची सारी अंगे येथे दगडावर आहेत. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी यातील शक ९३४ (इ. स. १०१२) असा वाचला आणि त्यामुळे हा लेख मराठीचा सर्वांत जुना कोरीव लेख म्हणून पुढे आला. या वाचनाला विरोधही झाला. परंतु लेखात संवत्सराचे नाव परिधावी असे आहे. साठ संवत्सरांच्या चक्रात परिधावी शेहेचाळिसावा. आपल्याकडच्या गणनेप्रमाणे शके १९०९ मध्ये प्रभव, म्हणजे पहिला संवत्सर होता. तेथून साठ-साठ वर्षे मागे जात शके ८८९ ला पुन्हा प्रभव येतो आणि त्यापासून शेहेचाळिसावे वर्ष मोजले की नेमके ९३४ येते. झिजलेल्या अंकाबद्दल शंका असली, तरी त्याच माथ्यावरचा दुसरा शब्द त्याची साक्ष देतो. एकच माहिती दोन स्वतंत्र पद्धतींनी नोंदवण्यात जुन्यांचे शहाणपण होते. ई-पत्राच्या हेडरमध्ये दहा ठिकाणी वेळ का, असे विचारणाऱ्यास आम्ही आक्षी दाखवतो.

साक्ष म्हटली की खोटी साक्षही आली. वतनांच्या भांडणात बनावट कागद पुढे करणे हा आपल्याकडचा जुना उद्योग. असा कागद ओळखताना संशोधक मजकुरापेक्षा माथ्याकडे आधी पाहतो. कारण लबाडी करणाऱ्याचे सारे लक्ष गावाचे नाव आणि हक्काची रक्कम यांवर असते. शकाचा व सुहूर सनाचा मेळ बसत नाही, अमुक साली तो किताब त्या माणसाला मिळालेलाच नव्हता, त्या काळच्या पत्रात असे अभिवादन येतच नाही, अशा ठिकाणी तो पकडला जातो. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या अभ्यासकांनी ही परीक्षा शास्त्राच्या पायरीला नेली. ग. ह. खरे यांचे ‘संशोधकाचा मित्र’ हे पुस्तक आजही अशा कामात हाताशी असावे असे आहे. शिवाजी महाराजांच्या पत्रांत माथ्यावर मुद्रा आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब असे. मोर्तबेचे काम मजकूर कुठे संपला हे ठरवणे, जेणेकरून खालच्या कोऱ्या जागेत कोणी चार ओळी घुसडू नयेत.

ई-पत्रात सर्वांत खालच्या ओळी लिहिणाऱ्याच्या हातच्या असतात. त्या खोट्या रचता येतात, खोट्या पोचाही आधीच लावून ठेवता येतात. वाचणाऱ्याने विश्वास ठेवावा तो सर्वांत वरच्या पोचेवर, जी त्याच्या स्वतःच्या सर्व्हरने लिहिली आहे. तेथून खाली उतरताना प्रत्येक ओळीतील ‘कोणाकडून’ आणि तिच्या खालच्या ओळीतील ‘कोणी घेतले’ हे जुळते का ते पाहत जावे. साखळी जेथे तुटते तेथून खाली सारे संशयास्पद. आपल्या कारकुनाने लिहिलेली पैवस्ती खरी, पत्र आणणाऱ्याने सांगितलेली तारीख तपासून घ्यायची, हा तोच न्याय. अलीकडच्या हेडरमध्ये ‘डीकेआयएम’ नावाची लांबलचक आकडेवारी असते. तीत निवडक ओळी व मजकूर यांवर पाठवणाऱ्या संस्थेची गणिती मुद्रा उमटवलेली असते, आणि मुद्रेखालचे एक अक्षर बदलले तरी ती जुळेनाशी होते. मोर्तबेचे काम आता गणिताकडे गेले आहे, इतकेच.

येथवर आम्ही माथ्याची बाजू घेतली. पण मराठी मायन्याचा इतिहास इतका निरुपद्रवी नाही, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने ती बाजूही पाहिलीच पाहिजे. अभिवादनाचा शब्द हा येथे नात्याबरोबर जातीचाही दर ठरवत होता. नारायणराव पेशव्यांच्या अल्प कारकिर्दीत (१७७२-७३) प्रभू ज्ञातीकडून नऊ कलमांचा एक करार लिहून घेण्यात आला. त्यात वेदोक्त कर्मांच्या मनाईबरोबर एक कलम अभिवादनाचे होते : ब्राह्मणांना आणि आपापसांतही ‘दंडवत’ म्हणावे. अर्थ उघड आहे, ‘नमस्कार’ हा शब्द त्यांचा नव्हे. रोहे-पेणच्या परिसरात प्रभूंची घराणी जुनी आणि लेखणी चालवणारी. ज्यांच्या हातून सरकारी पत्रांचे मायने लिहिले जात, त्यांच्याच तोंडचा शब्द असा कराराने ठरवला गेला. पनवेलला जन्मलेल्या प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१९ मध्ये ‘ग्रामण्यांचा साद्यंत इतिहास’ लिहिला, त्यातला संताप या पार्श्वभूमीवर वाचावा. पुढे १७७९ मध्ये, पेशवे दरबाराच्या आग्रहावरून, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने मुंबईच्या सोनारांना ‘नमस्कार’ करण्याची मनाई केली. एका शब्दासाठी दोन सरकारांत पत्रव्यवहार झाला! त्या पत्रव्यवहाराच्या माथ्यावर कोणते अभिवादन असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

हा दर घरगुती पत्रांतही टिकला. शाळेत पत्रलेखनाच्या धड्यात आपण सर्वांनी ‘ती. स्व.’, ‘चि.’, ‘शि. सा. न. वि. वि.’, ‘अ. उ. आ.’ ही आद्याक्षरे पाठ केली. शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष, अनेक उत्तम आशीर्वाद. ही एक संकेतभाषाच होती, आणि परीक्षेत तिला मजकुराहून जास्त गुण असत की काय असे वाटे. या आद्याक्षरांत ‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ ही होती. पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत ज्याच्या हाती कार्ड पडे त्याला त्या बाईचा नवरा जिवंत आहे की नाही हे नावाआधी कळे. गंगाभागीरथी हा शब्द कितीही पवित्र असला, तरी कार्डावर तो एक शिक्का होता, आणि अनेक बायकांनी तो आयुष्यभर दर पत्रासरशी सोसला. ई-पत्राच्या माथ्याला नाव आणि पत्ता एवढेच ठाऊक असते, तो नवऱ्याची चौकशी करत नाही. जुन्या मायन्याच्या लोपाबद्दल हळहळणाऱ्या लेखांत ही गोष्ट कोणी नोंदवत नाही, म्हणून येथे नोंदवतो. त्याचप्रमाणे, याच जिल्ह्यातील महाडला १९२७ च्या मार्चमध्ये जे घडले त्यानंतरच्या काळात हजारो घरांतील पत्रांच्या माथ्यावर ‘श्री’ ऐवजी ‘जय भीम’ आले. त्या दोन शब्दांनी मायन्याची जागा तीच ठेवून तिचा मालक बदलला. पत्रसंग्रह छापताना असा माथा ‘औपचारिक’ म्हणून गाळणारा संपादक नेमके काय गाळतो, हे त्याने स्वतःला विचारावे.

माथा कधी कधी आपल्या रिकामेपणाने बोलतो. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला हळदकुंकू लागलेले असे, ते न वाचताच कळे. आणि ज्या कार्डाच्या माथ्यावर ‘श्री’ नाही ते हातात येताच घरातला वडीलधारा माणूस उभ्या उभ्याच वाचून ते फाडून टाकी. मुलांना मजकूर कधीच कळत नसे, पण काय झाले ते समजे. न लिहिलेल्या एका अक्षरात एवढी बातमी मावणे आमच्या माहितीत तरी दुसऱ्या कोणत्या लेखनप्रकारात नाही.

अशी फाडली न गेलेली कार्डे कोकणातल्या घरांत तारेला टोचून ठेवलेली अजून सापडतात. बहुतेकांवर तारीख असते पण साल नसते. लिहिणाऱ्याला साल ठाऊक होते, वाचणाऱ्यालाही होते, मग लिहायचे कशाला? टपालाचा शिक्का पुसट झालेला. अशा वेळी पत्त्याच्या बाजूकडे वळावे. ‘ता. रोहे, जि. कुलाबा’ असे असेल तर पत्र बहुधा १९८१ पूर्वीचे, कारण त्या वर्षी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. पिन क्रमांकाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासूनची. तेव्हा ‘जि. कुलाबा’ आणि पुढे पेणचा ४०२१०७ वा रोह्याचा ४०२१०९ असे दोन्ही असेल, तर ते पत्र स्थूलमानाने त्या आठ-नऊ वर्षांतले. स्थूलमानाने म्हणायचे कारण हाताची सवय. जिल्ह्याचे नाव बदलल्यावरही कित्येक वर्षे वडीलधाऱ्या हातांतून ‘कुलाबा’च उमटत होते. म्हणजे पिन आहे म्हणून १९७२ नंतरचे हे पक्के, कुलाबा आहे म्हणून १९८१ पूर्वीचे हे कच्चे. पुराव्याच्या या दोन प्रतींतला फरक विद्यार्थ्यांना एका पोस्टकार्डावर शिकवता येतो, त्यासाठी मोठे ग्रंथ लागत नाहीत.

आता प्रश्न ई-पत्रांचा. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला आले, आणि त्यानंतर आपल्या लेखक-संपादकांचा पत्रव्यवहार हळूहळू कागदावरून उतरला. तो जपण्याची आपली पद्धत कोणती? मजकूर निवडायचा, नकलून दुसऱ्या फाइलीत चिकटवायचा, फार तर वर तारीख टाइप करायची. किंवा कागदावर छापून घ्यायचा, म्हणजे चार ओळी येतात, चाळीस नव्हे. किंवा कोणाला तरी ‘फॉरवर्ड’ करून ठेवायचा, म्हणजे पत्राला नवा माथा फुटतो आणि जुना चार ओळींचा होऊन मजकुरात जाऊन बसतो. पेशव्यांच्या रोजनिशीत कित्येक पत्रे ‘अमुक यांस पत्र की’ अशा सारांशानेच उरली, कारण कारकुनाला मायना पुन्हा लिहिण्याचा कंटाळा होता वा गरज नव्हती. त्याला निदान कागद वाचवायचा होता. आपल्याला तीही सबब नाही. बहुतेक टपाल-व्यवस्थांत पूर्ण संदेश जसाच्या तसा, माथ्यासकट, ‘ईएमएल’ फाइल म्हणून उतरवून घेता येतो आणि ती फाइल साध्या मजकूर-संपादकातही उघडते. त्या काळातल्या मराठी पत्रांना तर याची दुप्पट गरज आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी रोमन लिपीत लिहिले जाई किंवा एखाद्या विशिष्ट टंकात, आणि तो टंक समोरच्याकडे नसला की पत्राचा गाळ होई. तो गाळ निवळायचा तर कोणत्या संकेतनात लिहिले, कोणत्या प्रणालीवरून पाठवले, हे सांगणाऱ्या ओळी माथ्यातच असतात.

विषयाच्या ओळीतील ती अगम्य अक्षरमालाही अशीच एक ओळ आहे. पत्राचा माथा मुळात फक्त इंग्रजी अक्षरे जाणत होता. १९९२ मध्ये त्यात इतर लिप्या बसवण्याची युक्ती निघाली : आपले अक्षर आधी अंकांत बदलायचे, ते अंक चौसष्ट सुरक्षित चिन्हांच्या वेशात पाठवायचे, आणि पलीकडे वेश उतरवायचा. आज देवनागरीतील प्रत्येक अक्षरखूण अशा चार चिन्हांनी दर्शवली जाते. त्यांतली पहिली तीन एक तर ‘४, के, एस’ असतात नाही तर ‘४, के, डब्ल्यू’, आणि खरी ओळख चौथ्या चिन्हात असते. हेडर उघडल्यावर विषयाच्या ओळीत पुन्हा पुन्हा ‘४के’ दिसू लागले की निश्चिंत व्हावे, तेथे देवनागरी आहे. एखाद्या पत्राच्या विषयाची ओळ अशी सुरू होते : प्रथम ४, के, एस, २, म्हणजे श. मग ४, के, डब्ल्यू, एन, म्हणजे पाय मोडल्याची खूण. मग ४, के, एस आणि स्मॉल डब्ल्यू, म्हणजे र. आणि शेवटी ४, के, डब्ल्यू, ए, म्हणजे दीर्घ वेलांटी. सोळा चिन्हे झाली, आणि पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ आले.